कुजायला ठेवलेलं लाकूड

१

रोज सकाळी उठलं की एलियापचं पहिलं काम ठरलेलं असायचं. रात्रीत जे सडलं-नासलं असेल ते उचलून घरामागच्या उतारावर फेकायचं. बेटावरच्या, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत काही म्हणजे काही टिकत नसे. उरलेल्या टारोच्या, म्हणजे अळूसारख्या कंदाला सकाळपर्यंत तार सुटायची. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी बुरशी चढायची, चर्चच्या गाण्यांची वही फुगून पावासारखी व्हायची, आणि बांबूच्या भिंतींत वाळवीचं कुरकुर काम अखंड चालू असायचं. ओढ्यावर धुणं धुताना बायका म्हणायच्या, "इथं नवरा तेवढा सोडून सगळं लगेच खराब होतं." त्यावर दुसरी म्हणायची, "तुझा असेल गं टिकाऊ. मला मिळाला तोच नासका."

त्या सकाळी एलियापने दादाच्या कोपऱ्यातल्या फळीवरची केळी उचलली. दादाचा कोपरा म्हणजे खिडकीखालची जागा. तिथे त्याची चटई असायची, आता नुसती फळी होती. केळी तिथे मयताच्या जेवणावळीपासून पडून होती. कुणाला त्यांना हात लावावासा वाटला नव्हता. आतापर्यंत ती काळी पडून गळायला हवी होती, त्यांच्यावर चिलटांचा ढग हवा होता.

केळी पिवळीधमक होती.

एलियापने एक दाबून बघितलं. घट्ट. वास घेतला, तर वासच नाही. त्याला आधी बरंच वाटलं. फुकट गेली नाहीत म्हणून त्याने एक सोलून तोंडात टाकलं. दातांना गार लागलं आणि जिभेला काहीच लागलं नाही. चावलेला घास त्याने तळहातावर थुंकला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग खांदे उडवून बाकीची केळी परत फळीवर ठेवली. का ठेवली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

२

दादाचं नाव कासाउ. बाप लहानपणीच गेल्यामुळे एलियापला वाढवलं ते त्यानेच. शाळेत मास्तरने एलियापच्या डोक्यात रूळ मारला तेव्हा दादा मास्तरच्या अंगावर धावून गेला होता. त्यानंतर एलियाप शाळेत गेला नाही आणि दादाने त्याला जा म्हटलं नाही. "तू माझ्याबरोबर होडीवर ये," एवढंच म्हणाला.

तो दादा एका पहाटे पोट धरून बसला. दवाखान्यात न्यायला शेजारच्या पायासच्या ट्रकमध्ये मागच्या फळ्यांवर त्याला झोपवलं, डोकं एलियापच्या मांडीवर. पुलाच्या अलीकडे दादा म्हणाला, "जरा हळू चालव म्हण त्याला." एलियापने टपावर थाप मारली आणि ओरडला, "पायास, हळू!" पायासने ट्रक हळू केला. त्यानंतर घाई करण्यासारखं काही उरलं नाही.

लोसिम मामांनी भाच्यासाठी मलांगान कोरलं. गावात मेलेल्या माणसासाठी ही लाकडी मूर्ती कोरतातच. मामाने लाकूड निवडायचं, महिनोन् महिने कोरायचं, लाल-काळा-पांढरा रंग द्यायचा, आणि जेवणावळीच्या दिवशी कुंपणाआड उभं करून सगळ्यांना दाखवायचं. त्याच्यासमोर बायका मनसोक्त रडून घेतात, डुकरं कापतात, आणि मग ते लाकूड रानात नेऊन कातळाला टेकवून ठेवतात. पाऊस त्याचे रंग धुतो, वाळवी त्याचं पोट खाते, आणि एक दिवस तिथे मूठभर भुसा उरतो. भुसा झाला की माणूस गेला. मग त्याचं नाव एखाद्या बाळाला देता येतं. हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे. पाणी उताराकडे जातं हे कुणी सांगतं का?

दादाच्या मलांगानचा चेहरा दादासारखा नव्हता. तसा तो कधीच नसतो. पण त्याची मान किंचित डावीकडे कलली होती, आणि कुणाचं ऐकताना दादाची मान अशीच कलायची.

जेवणावळीनंतर एलियाप चोरून रानात गेला. बदाबदा पाऊस पडत होता. कातळाला टेकवलेल्या त्या चेहऱ्यावरून काळा रंग ओघळत होता आणि एका डोळ्यातून मुंग्यांची रांग आत जात होती. मान मात्र तशीच, ऐकत असल्यासारखी.

त्याला बघवलं नाही. दुसरा कुणी रडला असता, घरी गेला असता, मामांशी भांडला असता. एलियापने लाकूड खांद्यावर घेतलं आणि रस्त्याकडेच्या पाहुण्यांच्या घराकडे पळत सुटला.

तिथे मार्गित सामान बांधत होती. ही गोरी बाई कुठल्याशा थंड देशातल्या संग्रहालयातून जेवणावळीचे फोटो काढायला आली होती. बेटांवरची पिजिन भाषा बोलायची ती जुन्या पाद्र्यांसारखं, एकेक शब्द धुऊन-पुसून. मामांनी तिला फोटो काढू दिले होते, डुकराचं मटण वाढलं होतं, आणि लाकडाचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं.

"अरे, हे काय?" ती दारात उभी राहून म्हणाली. "किती भिजलायस!"

"घेऊन जा हे. तुमच्याकडे पाऊस नसतो ना घरात?"

"मामांना विचारलंस?"

"विचारलं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. एलियापने मान खाली घातली नाही. त्याला नंतर याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली, की त्याने मानसुद्धा खाली घातली नाही.

"मी तुला काय देऊ?" तिने विचारलं.

"काही नको. फक्त याला काही होऊ देऊ नकोस."

"नाही होऊ देणार," मार्गित म्हणाली. "शब्द देते."

३

केळ्यांच्या पाठोपाठ मुंग्या गेल्या.

गेल्या म्हणजे कुठे निघून गेल्या नाहीत. फळीखालून दाराकडे जाणारी त्यांची रांग एका सकाळी होती तशीच थांबलेली दिसली. प्रत्येक मुंगी आपापल्या जागी, एकीच्या तोंडात भाताचं शीत. एलियापने बोटाने रांग पुसली. त्या कोरड्या काळ्या रव्यासारख्या सांडल्या. जमीन तिथे इतकी गार होती की त्याने बोट पटकन मागे घेतलं.

भिंतीतली वाळवीची कुरकुर बंद झाली. लहानपणापासून तो त्या आवाजात झोपला होता. ती थांबली तेव्हा त्याखालचा दुसरा आवाज ऐकू यायला लागला. घुंऽऽ असा, बारीक, न थांबणारा. तसा आवाज त्याने फक्त रस्त्यावरच्या दुकानात ऐकला होता, कोंबड्यांचे तुकडे ठेवायच्या बर्फाच्या पेटीचा. पण घरात वीज नव्हती. गावात कुणाच्याच घरात नव्हती.

समुद्राचा असेल, त्याने स्वतःला समजावलं. भरतीचा. मग तो बाहेर जाऊन उभा राहिला. बाहेर समुद्राचा आवाज होता, आणि तो वेगळा होता.

हे सगळं त्याने चालवून घेतलं असतं. माणूस काय, कशालाही सरावतो. पण मग आई.

जेवणावळीनंतर आई सावरली होती. रिवाजाप्रमाणे तिने तोंडाची राख धुतली होती, पुन्हा मासे खाल्ले होते, आणि पायासच्या बायकोने काहीतरी चावट सांगितल्यावर तोंडाला कमरेचं फडकं लावून खुदकन हसलीही होती. एका सकाळी ती चटईवरून उठली, चुलीपाशी बसलेल्या एलियापकडे बघून म्हणाली, "आलात का रे दवाखान्यातून? कासाउ कुठाय?"

एलियापला वाटलं, झोपेत आहे.

"आई, अगं."

"ट्रकातच ठेवलंय का त्याला? उठवायचं नाही म्हणून?"

"आई, दादा गेला. तुला ठाऊक आहे."

तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना त्याने पाहिलं. पहिल्या दिवशी उमटलं होतं तसंच, तितकंच हळू, तोंडाच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन डोळ्यांपर्यंत. मग ती किंचाळली. शेजारपाजारचे धावले. पायासच्या बायकोने तिला कवेत घेतलं. संध्याकाळपर्यंत ती थोडी निवली, दोन घास खाल्ले, झोपली.

दुसऱ्या सकाळी उठून तिने विचारलं, "आलात का रे दवाखान्यातून?"

त्यानंतर रोज. रोज एलियापलाच सांगावं लागायचं, कारण ती दुसऱ्या कुणाचं ऐकून घेत नसे. त्याने एकदा खोटं सांगून बघितलं, "आहे दादा तिकडेच, बरा आहे." तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला की त्याला ते बोलणं गिळून टाकावंसं वाटलं. ती त्याच्यासाठी कंद भाजायला बसली. दुपारी त्याला खरं सांगावं लागलं, आणि त्या दिवशीचं रडणं सगळ्यात वाईट होतं.

शेजारणी आधी धावत यायच्या. मग चालत यायला लागल्या. मग यायच्या बंद झाल्या.

४

लोसिम मामा एका दुपारी आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत. म्हातारा माणूस, तोंड सुपारीने लाल, हाताला कोरणीचे जुने व्रण.

"एलियाप, बाहेर ये."

तो आला.

"मी रानात जाऊन आलो," मामा म्हणाले. "कातळापाशी. म्हटलं, बघू तरी कितपत गेलं. वर्षभरात निम्मं जायला हवं." त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "तिथं काही नाही. भुसा नाही, वाळवीची माती नाही, कुत्र्याची छत्री म्हणून उगवलेली नाही. लाकूड उभं होतं तेवढी जागा कोरडी आहे."

एलियाप पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"कुणाला दिलंस?"

"मामा, पाऊस पडत होता."

"पाऊस पडणारच. पावसासाठीच ठेवलं होतं ते."

"त्याच्या डोळ्यात मुंग्या जात होत्या."

"मग जाऊ द्यायच्या होत्यास की रे!" मामा एकदम ओरडले, आणि लगेच त्यांचा आवाज बसला. "किती किना दिले तिने?"

"एकही नाही. आईची शपथ. मी मागितलेच नाहीत."

मामांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पैसे घेतले असते तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. विकलं असतं तर निदान टाकून दिल्यासारखं झालं असतं.

"आमचे आजे-पणजेसुद्धा द्यायचे गोऱ्यांना," मामा दाराच्या खांबाला टेकत म्हणाले. "जहाजं यायची. इथं कुजणारच आहे, तर घेऊन जाऊ दे बापडे, कुऱ्हाड, कापड, तंबाखू तरी मिळते, असं म्हणायचे. समुद्रापार गेलं म्हणजे संपलं, असं वाटायचं त्यांना. तिकडं काही टिकत असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? ते भोळेपणाने चुकले. तू तर टिकावं म्हणून दिलंस."

घरातून आईचा आवाज आला. "कोण आहे रे? कासाउ आला का?"

मामांनी आत डोकावून पाहिलं. खिडकीखालच्या कोपऱ्याकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच अडकली. एलियापही वळला. फळी होती, पिवळी केळी होती. दुपारचं ऊन त्या कोपऱ्यात येता येता पांढरं होत होतं, वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची सावली साऱ्या भिंतीवर हलत होती आणि तेवढ्या जागेत हलत नव्हती. तिथे कुणी उभं आहे असं म्हणता आलं नसतं. पण कुणी उभं असतं तर जेवढी जागा लागली असती, तेवढीच ती होती, आणि वरच्या बाजूला ती किंचित डावीकडे कलली होती.

"बघू नकोस," मामा म्हणाले. "त्याला बिचाऱ्याला काय कमी बघतात लोक तिकडं?"

५

निरोप पायासच्या फोनवर आला. पायासने ट्रक घरासमोर थांबवला, खिडकीतून हात बाहेर काढला.

"ए हिरो, तुझ्या गोऱ्या मावशीचा फोन. दालन का काय उघडतायत. कोरणाऱ्याच्या घरचं कुणीतरी पाहिजे म्हणे, विमानाचं तिकीट पाठवतेय. जा, जा. जाताना बर्फात खेळून ये, आणि माझ्यासाठी एखादी लांब नाकाची बायको बघ."

"तुझी बायको ऐकतेय मागून."

"तीच म्हणाली," पायास म्हणाला. पण त्याची चेष्टा तिथेच विझली. घरातून येणारं रडणं त्यालाही ऐकू येत होतं.

मामा जायला तयार झाले नाहीत. "तू नेऊन घातलंस, तूच आण. आणि नीट ऐक. गोरे लोक आधी विचारतात, ठेवाल कुठे. गेल्या वर्षी पलीकडच्या बेटावरच्या लोकांना असंच विचारलं. तेव्हा सांगायचं, सिमेंटची खोली बांधलीय, कुलूप आहे, पंखा आहे. वाटेल ते सांग. हातात आलं की विमानातून उतरल्या उतरल्या सरळ कातळापाशी. कळलं?"

"खोटं बोलू?"

"आधी एकदा बोललास ना? मग आता पुण्याचं खोटं बोल."

निघायच्या सकाळी आईने विचारलं, आणि त्याने सांगितलं. तिला पायासच्या बायकोच्या हवाली करून तो कावियेंगच्या विमानतळाकडे निघाला. ट्रकच्या मागच्या फळ्यांवर बसायची जागा होती. तो पुढे बसला.

६

संग्रहालयाच्या दारात मार्गितने त्याला मिठी मारली आणि आपला एक जाड कोट त्याच्या खांद्यांवर घातला. दालन दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं. आज आत कुणी नव्हतं. जमीन इतकी गुळगुळीत की आपल्याच पावलांना आवाज नाही. भिंती राखाडी, छपरातून पांढरा उजेड, आणि दोन्ही बाजूंना काचेच्या उभ्या पेट्या.

प्रत्येक पेटीत एकेक मलांगान. जुनी, शंभर वर्षांपूर्वीची, त्याहून जुनी. एलियापने कोवळ्या रंगाचं लाकूड पाहिलं होतं आणि भुसा पाहिला होता. म्हातारं झालेलं, तरी उभं राहिलेलं लाकूड त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे शंखाच्या झाकणांचे हिरवे डोळे उजेडात ओले दिसत होते. खाली पाट्या होत्या. मार्गितने त्याला एकदोन वाचून दाखवल्या. कुठल्या जहाजाच्या कप्तानाने आणलं, कुठल्या व्यापाऱ्याने दान दिलं, त्यांची नावं होती. कुणासाठी कोरलं त्याचं नाव कुठेच नव्हतं.

"ते लिहून ठेवलं नाही कुणी," मार्गित खाली बघत म्हणाली. "आम्हाला लाज वाटते त्याची. म्हणून तर तुमच्या लोकांना बोलावतोय आता."

दालनाच्या टोकाला दादा होता.

मान डावीकडे. गालावरचा ओघळलेला काळा रंग होता तिथेच थांबला होता, ठिबकायच्या बेतात असलेला तो थेंबसुद्धा. आणि काचेतून आवाज येत होता. घुंऽऽ.

"हा कसला आवाज?"

"आतली हवा गार आणि कोरडी ठेवायचं यंत्र. आधी काही दिवस आम्ही याला बर्फाच्या खोलीत ठेवलं होतं. आत किडे होते, मुंग्या होत्या. सगळ्या मेल्या." ती हसली. तिला खरोखर आनंद झाला होता. "तू म्हणाला होतास ना, याला काही होऊ देऊ नकोस? बघ. काही झालं नाही. अगदी काहीसुद्धा नाही."

एलियापने काचेवर तळवा टेकवला. फळीखालच्या जमिनीचा गारवा त्याने ओळखला.

"किती दिवस राहील असा?"

"दिवस?" मार्गित म्हणाली. "आम्ही नसू, तुझी नातवंडं नसतील, तरी हा असेल."

सकाळ होईल, त्याच्या मनात आलं. तिकडे सकाळ होईल, ती उठेल आणि विचारेल.

वरच्या मजल्यावर एका लांब टेबलाशी तिघं बसले होते, मार्गित धरून चौघं. मधला माणूस पांढऱ्या दाढीचा, मवाळ. त्यांनी एलियापला चहा दिला, गोड पाव दिला. मार्गित मधे बसून इकडचं तिकडे सांगत होती.

"मला तो परत पाहिजे," एलियाप म्हणाला.

त्याला वाटलं होतं भांडण होईल. पण दाढीवाल्याने मान डोलावली. "आम्हाला आमच्या आधीच्या लोकांसारखं वागायचं नाही. तुमची वस्तू तुम्हाला परत द्यायला आम्ही तयार आहोत." त्याने पुढे झुकून अगदी आपुलकीने विचारलं, "तिकडे ती ठेवाल कुठे?"

सिमेंटची खोली. कुलूप. पंखा. शब्द तोंडात तयार होते. वाटेत विमानात त्याने ते घोकले होते. पण समोर मार्गित बसली होती, त्याच्याकडे बघत, त्या दिवशी दारात उभी राहून बघत होती तशी. विचारलं, असं तो तिला तोंडावर म्हणाला होता. एकदा खोटं बोललो त्याचं हे झालं, त्याला वाटलं. आता तरी खरं बोलू. आणि विचार पुरा व्हायच्या आत तोंडातून निघून गेलं.

"पावसात."

मार्गितने ते लगेच सांगितलं नाही. "काय म्हणालास?"

"पावसात ठेवणार. रानात, कातळाला टेकवून. कुजायलाच ठेवायचं असतं ते. भुसा झाल्याशिवाय तो सुटत नाही. माझी आई..." त्याने कप बाजूला सारला. "मी मामांना विचारलं नव्हतं, मार्गित. मी खोटं बोललो तुझ्याशी. ते चोरलेलं आहे. मीच चोरलंय."

तिने सांगितलं. दाढीवाल्याचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. मग तो हळूहळू, शब्द तोलत बोलला, आणि मार्गितने तितक्याच हळूहळू ते पिजिनमध्ये आणलं. तुझं दुःख आम्हाला कळतं. चोरीचं तू सांगितलंस, ते आम्ही तुझ्या मामांशी बोलू, त्यांची माफी मागू. पण नष्ट करण्यासाठी एखादी वस्तू देणं आमच्या नियमात बसत नाही. जिथे ती जपली जाईल तिथेच आम्ही देऊ शकतो. ही आता फक्त तुमची राहिलेली नाही. ती सगळ्या जगाची आहे.

"सगळ्या जगाचा?" एलियाप उठून उभा राहिला, चहाचा कप कलंडला. "सगळ्या जगाने मांडीवर घेतलं होतं का त्याचं डोकं ट्रकात? तो माझ्या आईचा आहे! थांब, मी खोटं बोललो आत्ता. सिमेंटची खोली आहे आमच्याकडे. कुलूप आहे. पंखा आहे. सांग ना त्यांना, पंखा आहे!"

मार्गितने ते सांगितलं नाही. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"एलियाप, बस. पाणी घे."

७

शेवटी तिने त्याला खाली आणलं. "तू थोडा वेळ एकटा थांब त्याच्याजवळ," ती म्हणाली. "मी बाहेर आहे." दार मिटलं.

कोट त्याच्या खांद्यांवरून घसरून पडला. तो उचलायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. तो दालन चालत गेला आणि दादासमोर उभा राहिला. काच फोडावी, असं त्याच्या मनात आलं. मूठ वळलीसुद्धा. त्याच्यासारख्याने आधी मूठ हाणली असती आणि मग विचार केला असता. पण दादाची मान कललेली होती. तो ऐकत होता. आणि आता त्याला काय ऐकवायचं, तेच एलियापला कळेना.

"दादा," तो म्हणाला, "चुकलो रे."

काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि त्याच्या पाठीमागचं दालन. त्याच्या पाठीमागे माणसं होती.

मार्गित असेल, त्याने म्हटलं. राखणदार असतील. उद्याची तयारी करणारे कामगार. पण त्यांच्या पाठी उघड्या होत्या आणि ती कातडी त्याच्या गावाकडची होती.

प्रत्येक पेटीसमोर एकेक जण. पेटीतल्यांसारखे आत नव्हेत, बाहेर, काचेला लागून. तोंडं काचेकडे, माना खाली. कुणी म्हातारं नव्हतं. सगळे त्याच्याच वयाचे, कोवळ्या मिशांचे. एकाच्या हातात जहाजावरून आलेली कुऱ्हाड होती, पातं नवं कोरं. एकाच्या खांद्यावर लाल कापडाचा तागा, रंग जराही न उतरलेला. एकाच्या मुठीत तंबाखूची जुडी. कुणी काही खाली ठेवलं नव्हतं. ठेवायला त्यांना जागाच सापडली नसावी.

वळायचं नाही, एलियापने ठरवलं. आणि वळला.

दालन रिकामं होतं. पांढरा उजेड, पेट्या, घुंऽऽ. त्याने श्वास सोडला. हे रडण्याने होतं, न जेवण्याने होतं, विमानात झोप नाही. त्याने पुन्हा काचेकडे तोंड केलं.

ते होते तिथेच होते. फक्त शेजारच्या पेटीसमोरचा, कुऱ्हाडवाला, आता मान जरा वर करून काचेतून त्याच्याकडे बघत होता. तोंडाकडे नाही. हातांकडे. याला काय मिळालं, हे बघत असल्यासारखा. एलियापचे हात रिकामे होते. त्याने ते पाठीमागे नेले, कशाला कोण जाणे, पण त्या माणसाने तोवर पाहिलं होतं, आणि पाहून त्याने पटकन नजर वळवली, दुसऱ्याचं उघडं पडलेलं पाहिल्यावर माणूस वळवतो तशी.

मग तो अंग चोरून थोडा बाजूला सरकला, चर्चमध्ये उशिरा आलेल्यासाठी बाकावर सरकतात तसा, आणि त्याने एलियापला काचेपाशी जागा करून दिली.